३० दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर आयुक्तांकडे तक्रार

सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण घेणाऱ्या संस्था, त्यांना ते बनवून देणाऱ्या कंपन्या आणि प्रमाणपत्राअभावी पगारवाढ अडवणारे अधिकारी, तुम्हा सर्वांना हा जाहीर इशारा.

मी पूर्ण अंध शिक्षक आहे. संगणक रोज वापरतो; पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. गेल्या प्रशिक्षणात त्याने ऐकवलं ते एवढंच : "बटण. बटण. चित्र. बटण." पुढे जायचं कुठलं, उत्तर जमा करायचं कुठलं, पत्ता नाही; बनवणाऱ्याने बटणांना नावंच दिलेली नव्हती. चाचणीत जोड्या माउसने ओढून जुळवायच्या. कीबोर्ड चालत नव्हता आणि घड्याळ थांबत नव्हतं. शेवटी आठवीतल्या मुलाला शेजारी बसवलं. उत्तरं मी सांगितली, क्लिक त्याने केलं. आयुष्यभर पोरांच्या परीक्षा घेणाऱ्याने स्वतःची परीक्षा पोराच्या डोळ्यांनी द्यायची? हे यापुढे चालू देणार नाही. माझ्या कर्णबधिर सहकारी बाईंनी तर सगळे व्हिडिओ नुसते हलणारे ओठ बघत काढले. ना खाली मजकूर, ना सांकेतिक भाषा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर आम्हाला वापरता आला पाहिजे, हे त्याच्या ४२व्या कलमात लिहिलेलं आहे. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावलं. ३० एप्रिल २०२५च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा थेट जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर आता ऐकून घेतलं जाणार नाही. "निधी नाही" हेही नाही. बटणाला नाव द्यायला किती निधी लागतो? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो लावून, डोळे मिटून, स्वतःचं प्रशिक्षण एकदा पुरं करून दाखवा.

आजपासून ३० दिवस. तेवढ्यात सगळं कीबोर्डवर चाललं पाहिजे, व्हिडिओंखाली मराठी मजकूर आला पाहिजे, चाचणीला वाढीव वेळ मिळाला पाहिजे. तोवर प्रमाणपत्र नाही म्हणून एकाही दिव्यांग कर्मचाऱ्याची वेतनवाढ रोखायची नाही.

एवढं झालं नाही, तर ३१व्या दिवशी पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार दाखल होईल. त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, कागद मागवता येतात, माणसं हजर करता येतात. कलम ८९खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख. तक्रारीचा मसुदा तयार आहे. सोबत त्या चाचणीचं ध्वनिमुद्रण जोडलंय, बटण-बटण-चित्र-बटण सकट.