वेळ रस्त्यावर नव्हे, थांब्यावर जातो

वाशीम : नागपूर-मुंबई प्रवास सोळा तासांवरून आठ तासांवर आणण्याच्या घोषणेने उभारलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव हे जिल्ह्यातील तीन तालुके त्याच्या वाटेवर आहेत. मात्र येथील सामान्य माणसाचा नेहमीचा प्रवास मुंबईचा नसतो. तो तहसील, बाजार, महाविद्यालय आणि दवाखान्याचा असतो. त्यात वेळ खर्ची पडतो तो थांब्यावर.

एसटीने १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू केले. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तर त्याआधीच, २०२२ मध्ये, मोफत प्रवास मिळाला. तरीही पूर्ण भाडे मोजून काळी-पिवळीत दाटीवाटीने बसणारे दिसतात. वास्तविक काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही. पुष्कळदा तेवढ्यात मागून एसटी येऊन निघूनही जाते. मग हा व्यवहार तोट्याचा का वाटत नाही? जीपमध्ये बसलेल्या माणसाला प्रवास सुरू झाल्यासारखे वाटते. किती जागा रिकाम्या आहेत हे त्याला समोर दिसते. फाट्यावर उभ्या असलेल्याला मात्र गाडी दहा मिनिटांनी येईल की आज येणारच नाही, हे सांगणारे कोणी नसते.

वाहतूक अर्थशास्त्रात थांब्यावरचे एक मिनिट गाडीतल्या साधारण दोन मिनिटांइतके जड धरण्याची पद्धत आहे. ऊन, उभे राहणे आणि अनिश्चितता यांचे हे वजन. रिसोड, मानोरा, मंगरूळपीर या तालुक्यांच्या ठिकाणी रेल्वे नाही. तेथे हे वजन अधिकच जाणवते.

परतीची शेवटची गाडी हा यातला खरा काच आहे. ती चुकली तर मुक्काम पडतो, म्हणून अर्ध्या तासाच्या कामासाठी अख्खा दिवस मोडला जातो. ज्यांना हे परवडत नाही ते हप्त्यावर दुचाकी घेतात. दुचाकीचा वेग हा त्यामागचा दुय्यम भाग. निघण्याची वेळ स्वतःच्या हाती येते, हे मोल मोठे. मुलींच्या बाबतीत गणित वेगळे होते. घरची एकमेव दुचाकी बहुधा वडील वा भावाकडे असते आणि शेवटच्या तासिकेवर पाणी सोडून त्या बसस्थानक गाठतात.

सवलतीने भाडे उतरले, महामार्गाने अंतर आटले. गावच्या फाट्यावर पुढची गाडी केव्हा येणार, ही माहिती देण्यास तुलनेने किरकोळ खर्च येतो. त्याची मागणी मात्र क्वचितच कोणी लावून धरते.