साहेब झालो, व्यवस्थापक कधी होणार?

नोकऱ्यांमध्ये आपला टक्का किती, यावर आपल्या बैठकांत नेहमी चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण नोकरी मिळाल्यावर पुढे काय, यावर आपण फारसे बोलत नाही. भेदभाव आहे, हे मी नाकारत नाही. तरीही जी खुर्ची मिळते ती सांभाळायला शिकणे आपल्याच हातात आहे.

भोसरीतल्या एका कारखान्यात सहा वर्षे मशीन चालवल्यावर मी बारा जणांच्या पाळीचा प्रमुख झालो. अम्मीने मोहल्ल्यात पेढे वाटले. कुणाचे काम अडले की त्याला बाजूला सारून मी स्वतः करून टाकायचो. माल वेळेवर निघत होता, म्हणून मी खूश होतो. तीन महिन्यांनी आमचा सर्वात हुशार ऑपरेटर राजीनामा देऊन गेला. जाताना म्हणाला, "भाई, तुम्ही मला काही शिकूच दिलं नाही."

ते वाक्य अजून टोचते. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात मांडलेली गोष्ट मला तेव्हा कळली: व्यवस्थापकाचे काम त्याच्या हातून निघालेल्या मालावर नव्हे, तर त्याच्या माणसांच्या एकूण कामावर मोजायचे असते.

मग मी काही सवयी लावून घेतल्या. काम सोपवताना काय, कधीपर्यंत आणि मध्ये कुठे तपासणार, हे आधीच सांगायचे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी पंधरा मिनिटे एकट्याने बोलायचे आणि त्यात जास्त वेळ ऐकायचे. चूक बाजूला घेऊन दाखवायची, कौतुक मात्र सगळ्यांसमोर करायचे. दिवसाचा वेळ कुठे गेला, हे वहीत टिपायचे.

सर्वात अवघड गोष्ट रजेची. मला ईदला सुट्टी हवी असते, तशीच सहकाऱ्याला गौरी-गणपतीला. आता महिनाभर आधी सगळ्यांसमोर यादी लावतो. गणपतीत मी थांबतो, ईदला ते थांबतात. माझ्या नावावरून माझ्याबद्दल आधीच मत बनवलेल्यांनाही त्या यादीत खोट काढता आली नाही.

१९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर, वयाच्या २१ व्या वर्षी, अझीम प्रेमजींनी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून अमळनेरच्या वनस्पती तेलाच्या कंपनीची सूत्रे घेतली. व्यवस्थापनाची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. आपल्याला मिळालेली बारा माणसे हीच आपली शाळा आहे. त्यातला एक जण उद्या आपली जागा घेण्याइतका तयार झाला, तर आपण शिकलो असे समजावे.