रात्रपाळीला कोण?

नागपूरच्या धंतोलीतल्या पार्किंगवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. धंतोली नागरिक मंडळ जनहित याचिका घेऊन गेलं आणि रुग्णालयांपुढच्या गाड्या, अरुंद गल्ल्या, रहिवाशांचे हाल या सगळ्याची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण या जुन्या वस्तीतल्या खाटांवर येऊन पडतात, त्यांना रात्री दोन वाजता तपासायला कोण येतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आता तो टाळता येणार नाही, कारण फिजिशियन असोसिएट नावाचा नवा सहकारी कायद्याच्या मान्यतेने आपल्या रुग्णालयांत येऊ घातला आहे.

ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग काढला. भारतात 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी ती आणली. पुढे 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आणि आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन केला आणि त्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएटला जागा मिळाली. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. काम काय? रुग्णाची माहिती घेणं, तपासणं, फाइल लिहिणं, शस्त्रक्रियेत हाताखाली उभं राहणं, डॉक्टरांचा निर्णय अमलात आणणं. सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

या कल्पनेला माझा विरोध नाही. एमबीबीएस न झालेला माणूस जीव वाचवू शकतो, याचा पुरावा धंतोलीपासून काही तासांवर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि ठरलेल्या परिस्थितीत जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं हे त्या शिकल्या. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: 39 गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी. हे साधलं, कारण आरोग्यदूताने काय करायचं आणि कुठे थांबायचं ते ठरलेलं होतं, प्रत्येक बाळाची नोंद होती आणि तिच्या कामावर नियमित देखरेख होती.

आपल्या खासगी रुग्णालयांत नेमकं हेच कुठे ठरलेलं असतं? महाराष्ट्रात रात्रीचा निवासी डॉक्टर (आरएमओ) बऱ्याचदा आयुर्वेदाचा (बीएएमएस) किंवा होमिओपॅथीचा (बीएचएमएस) पदवीधर असतो, हे डॉक्टरांना माहीत आहे, सिस्टरांना माहीत आहे, फक्त नातेवाइकांना माहीत नसतं. 2014 मध्ये राज्याने एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांना आधुनिक औषधं देण्याची वाट मोकळी केली. 2025 मध्ये त्यांच्या नोंदणीवरून डॉक्टरांची संघटना आयएमए आणि सरकार आमनेसामने आले, 18 सप्टेंबरला डॉक्टरांनी राज्यभर संप केला. भांडण झालं ते कुणाला कुठलं औषध लिहिता येईल यावर. रात्री वॉर्डात एकट्या पडलेल्या त्या तरुण डॉक्टरला कोण शिकवतं आणि त्याच्या हाकेला कोण धावून येतं, ही बाजू त्यात मागेच राहिली. फिजिशियन असोसिएट याच पोकळीत ढकलला जाईल, ही माझी भीती आहे.

एक नमुना बघा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची दुसरी रात्र. संध्याकाळी 92 असलेली नाडी बारा वाजता 108, दोन वाजता 124. ताप नाममात्र. लघवीच्या पिशवीत तीन तासांत जेमतेम 60 मिलिलिटर. रुग्ण जरा असंबद्ध बोलतोय, घरच्यांना वाटतं झोप झाली नाही म्हणून. कच्चं शिकलेला माणूस इथे वेदनाशामक इंजेक्शन देऊन पुढच्या खाटेकडे जाईल. चांगला शिकलेला असोसिएट श्वास मोजेल, रक्तदाब पुन्हा घेईल, आत जंतुसंसर्ग पसरत असल्याची शंका घेऊन सर्जनला फोन लावेल आणि म्हणेल, "सर, तुम्ही यायला हवं." पण सर फोनवरच "सलाईन वाढव, सकाळी बघतो" म्हणाले, तर? फाइलमध्ये 'फोनवर चर्चा झाली' अशी ओळ पडते, सकाळच्या राउंडला तिच्याखाली सही होते आणि कागदोपत्री देखरेख पूर्ण होते. त्याच वेळी व्हरांड्यात रुग्णाचा मुलगा विचारत असतो, "मोठे डॉक्टर येऊन गेले काय?" पांढरा कोट घातलेलं कुणीतरी येऊन गेलेलं असतं, म्हणून त्याला होकार मिळतो.

ब्रिटनने अशा गोंधळाची किंमत मोजली आहे. 2022 मध्ये तिथली एक तीस वर्षांची अभिनेत्री फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीने गेली. दोनदा तिला तपासणारी व्यक्ती फिजिशियन असोसिएट होती. तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही, हे त्या अभिनेत्रीला कळलंच नव्हतं. जुलै 2025 मधल्या लेंग अहवालाने शिफारस केली की निदान न झालेला रुग्ण सरसकट असोसिएटकडे पाठवू नये, प्रत्येकावर नावानिशी एक डॉक्टर जबाबदार असावा आणि कपडे, बिल्ले यांवरून ओळख स्पष्ट व्हावी. तिथे हे शहाणपण हजारो नेमणुका झाल्यावर आलं. आपल्याकडे अजून वेळ आहे.

शिक्षणाबद्दल माझी काळजी सर्वांत मोठी आहे. आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीला 2021 च्या कायद्यात किमान 3600 तास सांगितले आहेत. तास कागदावर भरणं सोपं. एकाच सर्जनच्या हाताखाली एकाच विभागात वर्ष काढलेला मुलगा टाके सफाईने घालेल; त्याला वैद्यकीय आयसीयूत रात्रीचं ठेवलं, तर तो रुग्णावर अन्याय आहे आणि त्याच्यावरही. काही बिघडलं की जमाव त्याचीच कॉलर धरणार. न्यायालयही मर्यादा बघणारच: 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरच्या प्रकरणात, ज्या उपचारपद्धतीचं शिक्षण नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा, असं म्हटलं होतं. असोसिएटच्या कामाची हद्द लेखी नसेल, तर ती रुग्ण दगावल्यावर आखली जाईल.

शिकवणाऱ्या डॉक्टरचा वेळही इथे धरायला हवा. असोसिएट ठेवला म्हणून कन्सल्टंटने आणखी दोन रुग्णालयांत ऑपरेशनं लावली, तर देखरेख उरतच नाही. पगार वाचवण्यासाठी डॉक्टरच्या जागी असोसिएट नेमणाऱ्याला रुग्णालयांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने जाब विचारला पाहिजे.

काही गोष्टींना 2021 च्या कायद्यातल्या राज्य परिषदेची किंवा नव्या नियमांची वाट बघावी लागत नाही. 2021 पासून महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच भिंतीवर, मराठीत आणि हिंदीत, रोज रात्री चार ओळी लिहिता येतील: आज या मजल्यावर ड्युटीला कोण, त्यांचं शिक्षण काय, त्यांचे वरिष्ठ कोण आणि बोलावल्यावर ते किती मिनिटांत खाटेपाशी पोहोचतील.