गुग्गुळाची चीर

कच्छ-राजस्थानच्या रखरखीत माळावर वर्षाचे बहुतेक महिने निष्पर्ण राहणाऱ्या गुग्गुळाच्या काटेरी झुडपाला चीर दिली म्हणजे जो पिवळसर, चिकट निर्यास थेंबाथेंबाने पाझरून सालीवरच घट्ट होतो, त्याचा मेदोरोगातील उपयोग सुश्रुतसंहितेने नमूद केला होता. त्याचाच माग घेत १९६६ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी सशांच्या रक्तातील मेदावर त्याचा परिणाम पडताळला, आणि पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून गुग्गुळस्टेरोन ही संयुगे विलग केली. ऊन, तहान आणि चरणारी गुरे यांपासून पळ काढणे ज्या वनस्पतीला शक्य नाही, ती आपल्या देहातच रसायनांची तजवीज करते; मरुभूमीला उजाड म्हणणे आम्हांस म्हणूनच अन्यायाचे वाटते. अधिक डिंकाच्या हव्यासाने मात्र खोल घाव घातले जातात, आणि तसे झुडूप उभ्याउभ्या वाळते.