पाहुणे जातात, कचरा राहतो

सुट्या लागल्या, की मुंबई-पुण्याची कुटुंबे थंड हवेच्या ठिकाणांकडे निघतात. दोन दिवस राहतात, पॉईंट पाहतात, चिक्की घेऊन परततात. मागे काय ठेवून आलो, याचा हिशेब मात्र हॉटेलच्या बिलात नसतो.

माथेरानचेच उदाहरण घ्या. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण प्रकाशात आणले. १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली. पर्यटकांच्या मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २००३ मध्ये केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले. इथे तांदळाचे पोते असो वा पाण्याचे खोके, ते वर चढवायला माणसांचे आणि घोड्यांचे कष्ट लागतात. एवढ्या कष्टाने चढवलेली बाटली पंधरा मिनिटांत रिकामी होते आणि कठड्यावरून दरीत जाते. वर जाण्याची मजुरी कोणीतरी देतो. खाली येण्याची कोणीच देत नाही. खरा घोळ इथे आहे.

वस्तू आणायची, वापरायची, टाकायची या सरळ रेषेऐवजी ती पुन्हापुन्हा उपयोगात फिरती ठेवायची, याला तज्ज्ञ ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी होत असे, उरलेल्या कपड्यांवर बोहारीण भांडे देत असे. आरेच्या दुधाची रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. त्या बाटल्या रस्त्यात पडलेल्या दिसत नसत, कारण रिकाम्या बाटलीलाही किंमत होती.

डोंगरावरच्या कचऱ्यालाही अशी किंमत येऊ शकते. हॉटेलांच्या कचऱ्यात मोठा वाटा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत त्यापासून गॅस आणि खत मिळते. असा प्रकल्प माथेरानमध्येही उभारला गेला. पण यंत्र उभे केले म्हणजे काम झाले, असे नाही. त्याला रोज वेगळा केलेला ओला कचरा हवा. त्यात करवंट्या, हाडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, की गाडे अडते. म्हणजे यशाची किल्ली हॉटेलच्या मोरीजवळ ठेवलेल्या दोन बादल्यांत आहे. घोड्यांच्या लिदीचेही तेच. रस्त्यावर वाळली तर ती धूळ होऊन नाकातोंडात जाते, पावसात वाहून पाण्यात मिसळते. गोळा केली तर खत होते.

राहिला प्रश्न बाटल्यांचा. तमिळनाडूतल्या निलगिरीत फुटलेल्या काचांनी हत्तींचे पाय जखमी होतात, अशी तक्रार होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारूदुकानांतून प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घेणे सुरू झाले. बाटली परत केली, की पैसे परत. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या. पिणाऱ्यांना एकाएकी सद्बुद्धी सुचली नाही. दहा रुपये दिसले. महाराष्ट्रातही २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत बाटली परतीच्या किमतीची तरतूद होती, पण ती कागदावरून दुकानापर्यंत नीट पोचलीच नाही. माथेरानसारख्या ठिकाणी येण्या-जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत आणि तिथे प्रवेशाचे पैसे घेतलेही जातात. बाटलीची अनामत घ्यायला आणि परत द्यायला याहून सोयीची जागा कोणती?

यावर हॉटेलमालक म्हणतील, खर्च वाढेल, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. भीती अगदीच खोटी नाही. एकट्याने केले, तर त्याचे नुकसान होईलच. म्हणून नियम सगळ्यांना सारखा हवा, आणि बाटल्या गोळा करून खाली नेण्याचा मोबदला स्थानिक हमाल, घोडेवाले यांना मिळायला हवा. आज जे हात माल चढवतात, त्यांनाच तो उतरवण्याचीही मजुरी मिळेल. नाहीतर एक दिवस दरी प्लॅस्टिकने भरेल, पाहुणे दुसरा डोंगर शोधतील, आणि पोट ज्यांचे याच डोंगरावर आहे ते मात्र तिथेच राहतील.

‘स्वच्छता राखा’च्या पाट्या पुष्कळ झाल्या. आता पाटीच्या शेजारी बाटली परत घेणारी खिडकी उघडा. आणि आपणही पुढच्या सुटीत पिशवीत घरची बाटली ठेवू या. ती भरून द्या, असे हॉटेलात हक्काने सांगू या. गिऱ्हाईक मागू लागले, की दुकानदार ठेवू लागतो, हा बाजाराचा जुनाच नियम आहे.