वेग वाढवायचा असेल तर आधी समजून वाचा

लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर झाले. नांदेडही आता त्याच वाटेवर आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून मुले नीटच्या तयारीला येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. त्यात आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही आहेत. कुणाच्या आईबापाने कर्ज काढलेले असते, कुणी ऊसतोडीची उचल फीमध्ये घातलेली असते. या शिकवण्यांनी पाठांतर दिले, सराव दिला, वेळापत्रक दिले. पण वाचायला शिकवले का? आमचे उत्तर आहे, नाही. आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त आपली मुले मोजतात.

आम्ही संध्याकाळी विहारात अभ्यासिका चालवतो. तिथे वारंवार दिसणारी गोष्ट सांगतो. प्रश्न असतो, 'खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा.' मुलगा पहिले योग्य विधान दिसताच त्यावर खूण करून मोकळा होतो. त्याला विषय येत असतो; त्याने प्रश्न वाचलेला नसतो. यूपीएससीच्या सीसॅटला तर दोन तासांत ८० प्रश्न आणि त्यात लांबलचक उतारे. मुले म्हणतात, 'वेग कमी पडतो.' मग मोबाइलवर 'मिनिटाला हजार शब्द वाचा' अशी जाहिरात दिसते आणि पुन्हा खिशाला कात्री.

मित्रांनो, यात फसू नका. इंग्रजी सवयीने वाचणारा माणूससुद्धा मिनिटाला साधारण २०० ते ३०० शब्दच समजून वाचतो. त्याच्या कितीतरी पुढे पळणारा वाचत नसतो, चाळत असतो. वाचताना आपण अडतो ते अनोळखी शब्दाशी, लांब वाक्याशी आणि ज्या विषयाची काहीच माहिती नाही त्या विषयाशी. १९८८ मध्ये अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

म्हणजे 'आपली मुले कच्चीच' हे म्हणणे खोटे आहे. कोयता, मुकादम आणि उचल यांवरचा उतारा द्या. मुखेड-कंधारची मुले शहरातल्या मुलांना मागे टाकतील. पण परीक्षेत उतारा येतो तो रिझर्व्ह बँकेवर, हवामानावर, न्यायालयावर. म्हणून माहितीचे जग वाढवणे हाच वेग वाढवण्याचा खरा रस्ता आहे.

त्याचे साधन आपल्याकडे आहेच. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि घरी जातात. बाबासाहेबांनी हा ग्रंथ क्रमांक घालून, लहान लहान वाक्यांत मांडला. तो नुसता ऐकून उठण्यासाठी आहे का? एकाने दहा क्रमांक मोठ्याने वाचावेत. ग्रंथ मिटावा. दुसऱ्याने तेच आपल्या शब्दांत सांगावे. तिसऱ्याने विचारावे, 'हे कशावरून?'

हीच रीत बारा महिने अभ्यासिकेत चालवा. रोज एक अग्रलेख घ्या, प्रत्येक परिच्छेदाचे सार समासात एका ओळीत लिहा. तोच उतारा घड्याळ लावून तीनदा वाचा आणि नंतर मित्राने काढलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे द्या. उत्तरे चुकली तर वाढलेला वेग धरायचा नाही. इंग्रजी उतारा जड जात असेल तर आधी त्याच विषयावर मराठीत वाचा. प्रश्नातल्या 'नाही', 'अयोग्य', 'फक्त', 'सर्व' या शब्दांखाली रेघ ओढा.

कुणी म्हणेल, परीक्षा तोंडावर आहे, हे करायला वेळ कुठे? त्याने मागच्या सराव परीक्षेतली चुकलेली उत्तरे काढावीत आणि दोन रकाने करावेत: 'येत नव्हते' आणि 'नीट वाचले नाही'. दुसऱ्या रकान्यात किती गुण गेले ते मोजावे. त्याला त्याचे उत्तर मिळेल.

आणि प्रश्न फक्त गुणांचा नाही. अत्याचाराची फिर्याद लिहून घेतली की ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे. पण जातिवाचक शिवी, घटनेची जागा, साक्षीदाराचे नाव यांतले काही राहून गेले असेल तर ते सही करण्याआधी कोण ओळखणार? वस्तीतला शिकलेला मुलगाच ना? त्याने तिथेही घाईत खूण केली तर चालेल का?

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून याच नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीत, १९७८ मध्ये पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्या नावाचा मान पाटीवर नाही, आपण हातातले पान कसे वाचतो त्यात आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी करा आणि विहारात पुस्तकांचे एक कपाट आणि दोन वर्तमानपत्रे सुरू करा. बाकीचे काम आपण रोज अर्धा तास बसून करू.

जय भीम!