स्वाती ढुमणेची आठवण ठेवा



सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा कारभार कोल्हापुरातून चालतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या प्रकल्पात, चांदोलीच्या जंगलात, ताडोब्याची एक वाघीण आणून सोडली. वाघ यावा, माझी ना नाही. पण ताडोब्यात गेलेल्या एका तरुण वनरक्षक बाईची आठवणही वाघिणीबरोबर इथे यायला हवी होती.

तिचे नाव स्वाती ढुमणे. दर चार वर्षांनी देशात वाघांची गणना होते. त्या कामासाठी २० नोव्हेंबर २०२१ ला सकाळी ती तीन वनमजुरांना घेऊन कोलाऱ्याच्या जंगलात शिरली. हे काम गाडीत बसून होत नाही. पायी चालायचे, पावलांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे बघायचे आणि नोंद करायची. चारेक किलोमीटर गेल्यावर दोनशे मीटरवर वाघीण बसलेली दिसली. पर्यटकांची लाडकी 'माया'. चौघांनी अर्धा तास वाट पाहिली. ती हलेना, तेव्हा दाट झाडीतून वळसा घालायला निघाले. मजूर पुढे, स्वाती सर्वांत मागे. मायाने माग काढला आणि स्वातीलाच ओढून नेले.

वाघिणीवर राग धरून काय करायचे? मायाही आता नाही, २०२३ मध्ये तिचे अवशेषच सापडले. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. जिप्सीत बसून मायाचे फोटो काढले तो निसर्गप्रेमी, आणि त्याच वाटेने पायी फिरली ती नुसती कर्मचारी! आमच्या हिशेबी पहिला मान स्वातीचा.

वनखात्याशी आपले भांडण जुने आहे. रानडुकरे उभी ज्वारी लोळवतात आणि पंचनाम्याला माणूस मिळत नाही. ते भांडण चालूच राहील. पण खाकीतला शेवटचा माणूस बहुधा आपल्यासारख्याच घरातला असतो. कोरडवाहू रानात भागत नाही म्हणूनच तर पोरे भरतीला पळतात. चंद्रपूरकडे शेतात ओणव्या बसलेल्या बायांवरही वाघ झडप घालतो. मरण दोघींचे एकच.

स्वाती गेली, मग ताडोब्यातली पायी मोजणी थांबवली. आधी जीव, मागून हुकूम. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, २०१८ मध्ये ३१२ होते. हा आकडा सगळे अभिमानाने सांगतात. तो सांगताना स्वातीचे नाव कोणी घेतल्याचे मी तरी ऐकले नाही.

इथे हुकूम आधी निघावा. वाघ दिसला की मोजणी टाकून माघारी फिरायची लेखी मुभा वनरक्षकाला आणि मजुराला असावी, त्यासाठी साहेबाचे बोलणे खावे लागू नये. गळ्यात पट्टा असलेली वाघीण शिवाराजवळ आली की साहेबाबरोबर गवत कापणाऱ्या बाईलाही कळावे. मजुराचा विमा वनरक्षकाइतकाच असावा.

आजच्या बैठकीत हा ठराव मांडतो आहे, स्वातीच्या नावानेच. मंजूर झाला तर प्रत घेऊन कोल्हापूरच्या कार्यालयात आपण सगळे मिळून जाऊ.